हायड्रोजेल ड्रेसिंग: सांगली-सातारा भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. घरात कुणाची तरी जखम महिनोन्‌महिने भरत नाही असे लोक, आणि नैसर्गिक पॉलिमरपासून जेल बनवण्याचा प्रकल्प घेतलेले फार्मसी, रसायनशास्त्र किंवा बायोटेकचे विद्यार्थी. दोघांची उत्तरं इथे एकत्रच दिली आहेत. पेशंटकडच्यांनी शेवटचे प्रश्न सोडले तरी चालतील; विद्यार्थ्यांनी पहिले सोडू नयेत.

हायड्रोजेल म्हणजे नेमकं काय?

सब्जाचं बी पाण्यात टाका. थोड्या वेळात त्याच्याभोवती बुळबुळीत पारदर्शक कवच तयार होतं. त्या कवचात बहुतेक सगळं पाणीच असतं, तरी ते वाहून जात नाही, कारण लांबलचक साखळ्यांच्या जाळीने ते धरून ठेवलेलं असतं. हायड्रोजेल म्हणजे हेच. जखमेवरच्या जेलमध्ये पाणी बहुधा ७० ते ९० टक्के असतं, बाकी जाळी आणि थोडं ग्लिसरीनसारखं काही.

जाळी नैसर्गिक असते तेव्हा ती समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटची, कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढलेल्या कायटोसानची, जनावरांच्या किंवा माशांच्या कातडीतल्या कोलॅजन-जिलेटिनची, नाहीतर सेल्युलोज, पेक्टिन, हायल्युरॉनिक आम्ल यांची असते. बाजारातल्या बऱ्याच जेलमध्ये सेल्युलोजपासून केलेलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरणाने बनवलेलं भाजल्या जखमेचं जेल पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण त्यातला मुख्य पॉलिमर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा कृत्रिम आहे. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत ते नैसर्गिक पॉलिमरचं उदाहरण म्हणून देऊ नका.

जखमेला हवा लागू द्यायची, सुकवायची, असंच ऐकत आलो. मग ओलं जेल कशाला?

१९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लॅस्टिकने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे. नव्या कातडीच्या पेशी कडेकडून आत सरकत येतात आणि सरकायला त्यांना ओल लागते. वर कडक खपली धरली की त्यांना तिच्या खालून, ओल सापडेल तिथून, वाट काढावी लागते.

पण ओल म्हणजे चिखल नव्हे. शेतकऱ्याला सांगायचं तर जखमेला वाफसा हवा. निरोगी कातडीतून दिवसाला चौरस मीटरमागे साधारण २०० ग्रॅम पाणी उडतं, उघड्या लाल जखमेतून ५,००० ग्रॅमच्या आसपास. ड्रेसिंगमधून २,००० ते २,५०० ग्रॅम उडावं असं मानतात: जखम भेगाळू नये आणि तिच्यात पाणीही साचू नये. बाकी सगळे प्रश्न या एकाच हिशेबात सुटतात. जेल हे औषध नाही, ते पाण्याचं नियोजन आहे.

कोणत्या जखमेवर चालतं?

कोरड्या किंवा किंचित ओलसर जखमेवर. पिवळट चिकट मेलेला थर बसलेली जखम (सिस्टर त्याला ‘स्लफ’ म्हणतात), खरचटून मोठा भाग सोललेला, फोड येऊन फुटलेलं उथळ भाजणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरची कोरडी जखम. जेल मेलेल्या थराला पाणी पाजतं, तो फुगून सैल होतो आणि शरीरातलीच विकरं तो विरघळवतात. कात्री कमी लागते, दुखणंही कमी होतं.

आणि कुठे लावू नये?

दिवसातून दोनदा पट्टी भिजते अशा पाझरणाऱ्या जखमेवर नको. तिथे पाणी देणारं नव्हे, पिणारं ड्रेसिंग लागतं: अल्जिनेटच्याच तंतूंची कोरडी चटई किंवा फोम. अल्जिनेट दोन्हीकडे असल्यामुळे इथे गल्लत होते. तंतूंची चटई आपल्या वजनाच्या १५ ते २० पट स्राव शोषते. जेलमध्ये आधीच पाणी भरलेलं असतं, त्याला आणखी फारसं पीता येत नाही.

कोयत्याच्या ताज्या खोल घावावरही नको. तो आधी दाबून रक्त थांबवायचा, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि त्याच दिवशी टाके व धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. पू, ताप, पसरत जाणारी लाली असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जखम बंद करू नका.

शुगरवाल्या माणसाच्या पायाची जखम आहे. मेडिकलमधून ट्यूब आणून लावू का?

आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. पायाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी लागते का, हे डॉक्टर दोन मिनिटांत पाहतात; शंका आली तर डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) करतात. बोट काळं पडून वाळलं असेल तर त्याला जेल लावून ओलं करणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. कोरडं गँगरीन ओलं झालं की जंतू माजतात, आणि बोटावर निभावलं असतं तिथे पाय जातो. टाचेवरची घट्ट, कोरडी, न दुखणारी काळी खपलीही रक्तपुरवठा कळेपर्यंत तशीच सोडावी.

रक्तपुरवठा ठीक असेल तर जेल चालतं. मात्र तळव्याच्या जखमेवर जेल लावून माणूस त्याच पायावर रानात जात असेल तर उपयोग शून्य. तळव्यावरचा भार काढणं (खास चप्पल, प्लास्टर) आणि साखर ताब्यात आणणं यांचा वाटा जेलपेक्षा मोठा आहे. बधिर पायाला दुखत नाही, म्हणून ‘बरं वाटतंय’ यावर विश्वास ठेवू नका. रोज आरसा धरून तळवा बघा.

जेल लावायची नेमकी पद्धत काय?

१. हात साबणाने धुवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाईन टाकून पाच मिनिटं थांबा.

२. जखम सलाईनने धुवा. सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं पाणी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट रोज वापरू नये. जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

३. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा, जखम मात्र ओलसरच राहू द्या. कडेच्या कातडीवर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा.

४. ट्यूबमधलं जेल साधारण ५ मिलिमीटर जाड पसरवा. जखम ५ बाय ५ सेंटिमीटर असेल तर साडेबारा मिली जेल लागतं, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब एका वेळेला जवळजवळ संपते. वाटाण्याएवढं लावून ‘जेलने काही झालं नाही’ म्हणणारे बरेच असतात. खड्डा असेल तर तो काठोकाठ भरू नका, स्राव शोषून जेल फुगतं.

५. जेल शीटच्या रूपात असेल तर जखमेच्या बाहेर सगळीकडून १ ते २ सेंटिमीटर येईल अशी कापा. दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक कोणत्या क्रमाने काढायचे ते पाकिटावर चित्रात दिलेलं असतं.

६. वर पारदर्शक फिल्म किंवा न चिकटणारी पट्टी. नुसता कोरडा गॉज ठेवला तर जखमेसाठी दिलेलं पाणी गॉजच पिऊन टाकतो आणि संध्याकाळी जेलचा पापड होतो. कापूस तर मुळीच नको, त्याचे धागे जखमेत राहतात.

किती दिवसांनी बदलायचं?

ट्यूबचं जेल एक ते तीन दिवसांनी. शीट जखमेच्या ओलीप्रमाणे तीन ते सात दिवस राहू शकते, पाकिटावर असेल तेवढीच. कडेने गळायला लागली, सुटली किंवा मळकट झाली तर लगेच. उन्हाळ्यात फॅनखाली किंवा कूलरसमोर झोपणाऱ्यांचं जेल लवकर सुकतं, हे लक्षात ठेवा.

जेल लावल्यावर जखम मोठी झाली, आणि पट्टी काढताना पिवळट तपकिरी चिकट काहीतरी निघालं. पू झाला का?

बहुतेक नाही. मेलेला थर विरघळून गेल्यावर खालची खरी जखम दिसते, ती आधी झाकलेली होती इतकंच. पिवळट चिकट पदार्थ म्हणजे वितळलेला थर आणि जेल यांचं मिश्रण. धुतल्यावर गेला, वास गेला, खाली लाल दाणेदार मांस दिसलं तर ठीक चाललंय. धुतल्यावरही दुर्गंधी राहते, दुखणं वाढलंय, भोवतालची कातडी गरम आणि लाल आहे, ताप आहे, तर तो संसर्ग समजा आणि त्याच दिवशी दाखवा.

कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली.

धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी? मग पाणी जास्त झालंय. जेल कमी करा किंवा बंद करा, कडेला झिंकचं मलम लावा, पट्टी लवकर बदला. दोन दिवसांत फरक पडला नाही तर त्या जखमेला शोषणारं ड्रेसिंग हवं.

गुऱ्हाळावर काहिलीतला रस अंगावर उडाला. लगेच जेल लावू का?

नाही. आधी वाहतं गार पाणी, पूर्ण २० मिनिटं, घड्याळ लावून. उकळता रस किंवा काकवी पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून भाजत राहते. पण साखर पाण्यात विरघळते, म्हणून ओरबाडून काढण्यापेक्षा पाणी घालत राहणं हाच उपाय. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. डॉक्टरांना खोली दिसत नाही आणि सगळं खरवडून काढताना पेशंटचे हाल होतात.

पाण्यानंतर, भाजलेला भाग त्याच माणसाच्या तळहातापेक्षा लहान असेल (बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का) आणि उथळ असेल, तर जेल शीट चांगली. गारवा मिळतो, चिकटत नाही, आरपार दिसतं. चेहरा, हात, पाऊल, सांधे, गुप्तांग, विजेचं किंवा रसायनाचं भाजणं, लहान मूल, पांढरी पडलेली बधिर कातडी यांपैकी काही असेल तर स्वच्छ कापडात सैल गुंडाळून थेट मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्या. मोठ्या भागावर गार जेल थापलं तर अंगाचं तापमान उतरतं, लहान मुलांचं तर फार पटकन.

आम्ही हळदीच्या गावचे. हळद असताना जेल कशाला?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जखमेवर हळद लावण्याचं एक अमेरिकी पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करायला लावलं, हे दोन्ही खरं. पण पेटंट रद्द झालं ते हे ज्ञान जुनं आहे म्हणून. डब्यातली हळद निर्जंतुक आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. हळद शिजते, उन्हात वाळते, पॉलिशला जाते, गोदामात पडते, दळली जाते. मातीतल्या जंतूंचे बीजाणू तिच्यात असू शकतात. शिवाय भुकटी ओल शोषून घेते आणि जखमेवर कडक थर धरते.

कर्क्युमिन जेलमध्ये घालण्यावर जगभर काम चालू आहे आणि त्यात अर्थ आहे. अडचणी तीन: ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात विटतं, आणि अल्कधर्मी द्रावणात झपाट्याने मोडतं. जुनाट जखमेचा पीएच बहुधा ७ च्या वर असतो, म्हणजे जिथे काम करायचं तिथेच त्याचा टिकाव लागत नाही. जेल पिवळं झालं म्हणजे कर्क्युमिन मोकळं सुटतंय असं नव्हे. गुठळ्या तशाच अडकून बसलेल्या असतात.

महाबळेश्वरचा मध?

खायला उत्तम. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण मधात क्लॉस्ट्रिडियम या घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. बरणीतला मध, मग तो महाबळेश्वरजवळच्या मांघर गावचा असो की आणखी कुठला, उघड्या जखमेवर लावू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. जेल कशाचं आहे ते कसं ओळखायचं?

रास्त प्रश्न आहे, आणि दवाखान्यात तो न विचारता मनात ठेवणारे पुष्कळ असतात. कोलॅजन आणि जिलेटिन गाय, डुक्कर किंवा मासा यांपासून येतं. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याचं असतं. अल्जिनेट, सेल्युलोज, पेक्टिन, अगर (आपला चायना ग्रास) वनस्पती किंवा शेवाळातून येतात. पाकिटावर घटक वाचा, कळलं नाही तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, पर्याय असतो. कोळंबीची अॅलर्जी असेल तर तेही सांगून ठेवा.

खरेदी करताना आणि ठेवताना काय पाहावं?

‘निर्जंतुक’ असा शिक्का, मुदत, बॅच क्रमांक आणि वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खालचा उत्पादन परवाना क्रमांक. सौंदर्यप्रसाधनांच्या कपाटातलं कोरफड जेल हे ड्रेसिंग नव्हे, त्यात सुगंध आणि अल्कोहोल असू शकतं. ट्यूब एका पेशंटची, आणि बहुतेक ट्यूब एकदाच वापरायच्या असतात. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली शीट पाकिटातच आकसते. फ्रीझरमध्येही नको: बर्फाचे स्फटिक जाळी फाडतात आणि वितळल्यावर पाणी वेगळं होतं.

प्रयोगशाळेत अल्जिनेटची शीट कशी करायची?

१०० मिली डिस्टिल्ड पाणी मॅग्नेटिक स्टररवर फिरत ठेवा. २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट भोवऱ्याच्या कडेवर चिमूट चिमूट भुरभुरा. एकदम ओतलं तर पिठल्यात होतात तशा गाठी होतात: बाहेरून भिजलेल्या, आतून कोरड्या. आधी १ मिली ग्लिसरीनमध्ये भुकटी कालवून घेतली तर गाठी टळतात आणि शीटही लवचीक होते. दोन ते चार तास ढवळा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातात. ९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये २० मिली ओतलं की साधारण ३ मिलिमीटर जाडी मिळते.

आता कॅल्शियम. २ टक्के कॅल्शियम क्लोराइड थेट वरून ओतलं तर द्रावणाला खड्डे पडतात, पृष्ठभाग क्षणात घट्ट होतो, आतलं पातळच राहतं आणि शीट द्रोणासारखी वळते. म्हणून आधी बारीक फवारा मारा, पाच मिनिटांनी हळूच ओता, पंधरा मिनिटं ठेवा, उलटवून परत पंधरा. मग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा.

एकसारखी जाळी हवी असेल तर आतूनच कॅल्शियम सोडा. अल्जिनेटच्या १०० मिली द्रावणात ०.३ ग्रॅम अगदी बारीक कॅल्शियम कार्बोनेट मिसळून घ्या, त्यावर १.०७ ग्रॅम ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन थोड्या पाण्यात विरघळवून लगेच घाला आणि ओता. लॅक्टोनचं हळूहळू आम्ल होतं, कार्बोनेट विरघळतो, कॅल्शियम सगळीकडे सारखं सुटतं. लॅक्टोन आधी विरघळवून चहाला गेलात तर परत सुरुवात करा.

भुकटी टाकताच धागे आणि गुठळ्या होतात. भुकटी खराब आहे का?

पाणी बघा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं आणि ते जाळी आधीच विणून टाकतं. ‘डिस्टिल्ड’ लिहिलेल्या कॅनमध्ये नळाचं पाणी भरून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, म्हणून कंडक्टिव्हिटी मीटर लावून खात्री करा. काचसामानही शेवटी डिस्टिल्ड पाण्यानेच विसळा.

फुगण्याची चाचणी लावली तर जेल विरघळूनच गेलं.

फॉस्फेट बफर वापरलात ना? फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, सोडियम त्याची जागा घेतं, जाळी उसवते. जखमेच्या स्रावाच्या जवळ जाणारं प्रमाणित द्रावण घ्या: १ लिटरमध्ये ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. ३७ अंशांवर ठेवा, ठरावीक वेळाने काढून ओल्या गाळणकागदावर टिपा आणि वजन करा. फुगलेल्या वजनातून कोरडं वजन वजा, भागिले कोरडं वजन, गुणिले १००. टिपणारा माणूस बदलला तर आकडे बदलतात, एकानेच टिपा.

जिलेटिनचं नुसतं जेल ३७ अंशांवर वितळतंच, त्यात चूक काही नाही. त्याला जेनिपिनसारखा जोडणारा घटक लागतो.

पेशींवरच्या चाचणीत आमचं जेल विषारी निघालं. अल्जिनेट आणि कायटोसान तर सुरक्षित म्हणतात!

पॉलिमर सुरक्षित असतो, धुणं अपुरं असतं. कायटोसान १ टक्का अॅसिटिक आम्लात विरघळवतात (पीएच ६.५ च्या खाली गेल्याशिवाय ते विरघळत नाही) आणि ते आम्ल आत राहून जातं. तसंच जादा कॅल्शियम, तसंच साखळ्या जोडायला वापरलेलं ग्लुटाराल्डिहाइड. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास स्थिर होईपर्यंत धुवा. जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या तर आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जेल पेशीघातक धरतात.

निर्जंतुक कसं करायचं? ऑटोक्लेव्ह चालेल?

१२१ अंशांवर १५ मिनिटांत अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, द्रावण पातळ होतं. २५ किलोग्रेच्या गॅमा मात्रेनेही तुटतात, ओल्यात जास्त. अतिनील दिवा फक्त पृष्ठभागापुरता. जी पद्धत घ्याल तिच्या आधीची आणि नंतरची चिकटपणा व ताणशक्ती मोजून दोन्ही आकडे अहवालात द्या. बहुतेक अहवालांत नंतरचा आकडाच नसतो.

उसाच्या चिपाडापासून जेल होईल का?

होईल. चिपाडात निम्म्याच्या आसपास सेल्युलोज असतं आणि कारखान्यांमुळे आपल्याकडे चिपाडाला तोटा नाही. पण ते पाण्यात विरघळत नाही. आधी लिग्निन काढायचं, ब्लीच करायचं, मग अल्कली आणि मोनोक्लोरोअॅसिटिक आम्लाने कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज करायचं. हे आम्ल विषारी आणि दाहक आहे, फ्यूम हूडशिवाय हात लावू नका. अवघड भाग रसायनाचा नाही, शुद्धतेचा आहे: उरलेलं मीठ, सिलिका आणि रंग पूर्ण काढणं.

प्रकल्पात केलेलं जेल घरच्या किरकोळ जखमेवर लावून पाहू का?

नाही, स्वतःच्या खरचटण्यावरसुद्धा नाही. प्राण्यांवरच्या चाचणीला संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची आणि माणसांवरच्या चाचणीला नैतिक समिती व नियामकांची परवानगी लागते. प्रकल्पापुरतं फुगण्याचं वजन, पाण्याची वाफ किती उडते ते, ताणशक्ती आणि पेशींवरची चाचणी एवढं नीट केलं तरी वर्ष पुरत नाही.

कृत्रिम पॉलिमरपेक्षा नैसर्गिक जेल चांगलं असतं का?

सरसकट नाही. नैसर्गिक पॉलिमर पेशींना मानवतात, शरीरात बऱ्याचदा मोडतात. पण बॅचगणिक बदलतात आणि ताकदीला कमी पडतात. शेवाळ कोणत्या जातीचं, कोणत्या ऋतूत काढलं यावर अल्जिनेटची घडण ठरते: ग्युलुरोनिक आम्लाचे तुकडे जास्त असले तर जेल कडक आणि ठिसूळ, मॅन्युरोनिकचे जास्त असले तर मऊ. म्हणून नवा डबा फोडला की जुनी कृती जशीच्या तशी चालेल असं धरू नका, १० मिलीवर आधी करून बघा.